संमती की शरणागती? : ‘श्नेकलॉथ विरुद्ध बुस्टामोंटे’ निकालाची चिकित्सा

अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. मात्र संबंधित व्यक्तीने संमती दिल्यास पोलिसांना ना वॉरंट लागते, ना संशयाचे सबळ कारण. त्यामुळे ही संमती कशी मिळवली जाते, हा प्रश्न मूलभूत ठरतो. प्रस्तुत लेखात या विषयावरील १९७३ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाची चिकित्सा केली आहे.

कॅलिफोर्नियातील सनीवेल येथे पहाटे २.४० च्या सुमारास, दिवा बंद असल्याने एक मोटार अडवण्यात आली. आतील सहा जणांना खाली उतरवले गेले; आणखी दोन पोलीस येऊन दाखल झाले. त्यानंतर झडतीची परवानगी विचारण्यात आली. आपण मोटारमालकाचे भाऊ आहोत असे सांगणाऱ्या प्रवाशाने होकार दिला आणि मागील आसनाखाली चोरीचे तीन धनादेश सापडले.

न्या. स्टुअर्ट यांच्या बहुमताच्या निकालानुसार, संमती ऐच्छिक होती की नाही हे समग्र परिस्थितीवरून ठरवावे; नकाराचा अधिकार ठाऊक असणे हा केवळ एक घटक होय. ही जाणीव सिद्ध करणे सरकार पक्षाला कठीण जाईल आणि प्रत्येक वेळी पूर्वसूचना देणे अव्यवहार्य ठरेल, अशी त्यामागील भूमिका आहे.

हा युक्तिवाद टिकणारा नाही. ‘आपण नकार देऊ शकता’ एवढ्या एका वाक्याने पुराव्याची अडचणच दूर होते. एफबीआयचे अधिकारी अशी सूचना देतच होते, याकडे न्या. मार्शल यांनी भिन्नमतपत्रात लक्ष वेधले होते. पर्यायच ठाऊक नसेल, तर निवड कशाची? न्यायालयाने दबाव मोजला, जाणीव मोजली नाही. रात्री गणवेशधारी व्यक्तीने केलेली विनंती सामान्य माणसाला आज्ञाच वाटते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये राज्यघटनेच्या आधारे नकाराधिकाराची जाणीव आवश्यक मानली, हे येथे उल्लेखनीय आहे.

भारतीय संदर्भात अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) कलम ५० तुलनेस योग्य आहे. राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडतीची मागणी करण्याचा हक्क संशयितास सांगणे बंधनकारक असल्याचे घटनापीठाने विजयसिंह जडेजा प्रकरणी (२०१०) स्पष्ट केले. हा झडती नाकारण्याचा हक्क नव्हे; तथापि, हक्क सांगितल्याने तपास ठप्प होतो, हे गृहीतक आपल्या कायद्याने स्वीकारलेले नाही.

सारांश, अज्ञानातून आलेला होकार ही संमती नव्हे, शरणागती होय. १९७३ च्या निकालाने या दोहोंतील सीमारेषाच पुसट केली.