वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे : एक परीक्षण

टॉम बीचम व जेम्स चिल्ड्रेस यांचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ बायोमेडिकल एथिक्स’ हा ग्रंथ १९७९ साली प्रथम प्रसिद्ध झाला. २०१९ साली त्याची आठवी आवृत्ती निघाली. रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर, अहित न करणे, हित साधणे आणि न्याय ही चार तत्त्वे त्यात मांडली आहेत. यांतील एकही तत्त्व मुळातच श्रेष्ठ नाही. प्रसंगी त्यांचा तोल साधावा, असे ग्रंथकारांचे प्रतिपादन आहे.

या ग्रंथाचे मोल इतिहासाकडे पाहिल्यावाचून कळत नाही. हिपोक्रेटिसची शपथ काय किंवा चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यास केलेला उपदेश काय, दोन्ही बोलतात ते वैद्याशी. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये, हा चरकाचा दंडक उदात्त आहे. परंतु राजाच्या द्वेषास पात्र झालेल्यावर, तसेच पती वा पालक जवळ नसलेल्या स्त्रीवर उपचार करू नयेत, असेही तेथेच सांगितले आहे. तेव्हा प्राचीनतेचा अभिमान डोळसपणे बाळगलेला बरा. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहितेने, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याच्या स्वेच्छेच्या संमतीस अग्रस्थान दिले. तरीही अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या कृष्णवर्णीयांना उपचारांवाचून केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. त्या लज्जेतून पुढे १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. त्याच्या लेखनात बीचम यांचा सहभाग होता.

आता हा ग्रंथ सिल्वासात ठेवून वाचावा. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा-नगर हवेलीतील निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. वारली, कोकणा, धोडिया अशा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने देशातील आदिवासी भागांत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. हेतू निःसंशय हिताचा आहे. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे आधी कळणे उपयोगाचेच.

परंतु वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे समजण्याआधीच तरुण मुलीचा अहवाल गावभर झाला तर? तिचे लग्न मोडेल, आणि मुलाची मात्र तपासणीही झालेली नसेल. संमतीसाठी केवळ माहिती देणे पुरेसे नसून ती समजलीही पाहिजे, असे ग्रंथकार स्पष्ट सांगतात. त्या दृष्टीने घरी वारली बोलणाऱ्या बाईने न वाचलेल्या कागदावर उठविलेला अंगठा ही संमती ठरत नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. ग्रंथातील रुग्ण बहुधा एकटा उभा असतो. येथे निर्णय घर करते, आणि त्या घरात मुलीचा शब्द शेवटी येतो. केवळ व्यक्तीची स्वायत्तता मानली तर घर तुटते; घराचीच मानली तर मुलगी बुडते. चार तत्त्वे तोलून पाहा, एवढे सांगितल्याने तराजू कोणाच्या हाती, हा प्रश्न सुटत नाही.

तो प्रश्न आपणांसही लागू आहे. ‘त्यांच्या भल्यासाठी’ हे शब्द आपल्या सेवाकार्यात किती सहज येतात! वाटेवर पडलेल्या जखमी माणसाजवळ शोमरोनी थांबला. आपणही थांबावे, तिच्या बोलीत सांगावे, तिने विचारावे म्हणून वाट पाहावी, आणि अहवाल प्रथम तिच्याच हाती द्यावा. ग्रंथाची चारही तत्त्वे आम्हांस मान्य आहेत; मात्र त्यांचा आरंभ या थांबण्यातून व्हावा.