तात्पर्य कोणाचे?

ग्रीक-लॅटिन वाङ्मय मराठीत आले असे म्हटले की आपल्या प्रस्थापित समीक्षकांना अ‍ॅरिस्टॉटल आणि इडिपस आठवतात. परंतु सामान्य मराठी वाचकाच्या घरात खोलवर शिरलेला ग्रीक ना राजा होता, ना तत्त्वज्ञ. तो गुलाम होता. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इंग्रजीवरून केलेली ‘इसापनीतिकथा’ 1828 साली निघाली आणि पुढे इसाप शाळाशाळांतून पोचला. छत्र्यांचे हे ऋण मी मानतो.

मात्र या परंपरेने इसापची गोष्ट ठेवली आणि त्याची गुलामी विसरली. हिरोडोटस त्याला सामॉस बेटावरच्या इआडमॉनचा गुलाम म्हणतो. आपल्या शाळेत तो मुलांना शहाणपण शिकवणारा आजोबा झाला. गोष्टीखाली तात्पर्य आले: समाधानी राहावे, आपली पायरी ओळखावी. ही तात्पर्ये जोडणारे हात बहुतेक नंतरच्या संग्राहकांचे आहेत.

रोममध्ये या कथा लॅटिन पद्यात आणणारा फीड्रस हा सम्राट ऑगस्टसने मुक्त केलेला गुलाम. तो स्वच्छ सांगतो की, गुलामाला मनातले उघड बोलण्याची छाती नव्हती, म्हणून त्याने ते कथेत दडवले. त्याच्या एका कथेत शत्रू येताच म्हातारा आपल्या गाढवाला पळायला सांगतो. गाढव विचारते, नवा धनी माझ्यावर दुप्पट ओझे लादील काय? नाही ना, मग धनी कोण याचे मला काय?

आमच्या भंडारा जिल्ह्यात मालगुजारी 1951 साली गेली. पण दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करणाऱ्या भूमिहीनाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. त्याला तात्पर्य सांगायला पंडित नको.

प्राचीन जग खालून कसे वाचावे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘जातिनिर्मूलना’त दाखवले. रोमच्या प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला. परंतु देववाणीची मान्यता पॅट्रिशियन पुरोहितांच्या हाती राहिली, म्हणून तो हक्क पोकळ ठरला. ग्रीक-लॅटिनच्या मराठी अभ्यासकांनी ही दृष्टी किती घेतली?

दलित लेखकाने प्राण्यांचा मुखवटा फेकला आणि तो स्वतःच्या नावाने बोलला. इसाप त्याचा परका नव्हे, पूर्वज आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. इसापच्या नव्या मराठी आवृत्तीत पहिल्याच पानावर त्याची गुलामी लिहावी, आणि तात्पर्याची ओळ वाचणाऱ्या पोरासाठी कोरी ठेवावी.