जत्रेतून गेमझोनमध्ये : खेळ कोण थांबवतो?

सातारा, कराड, सांगली, मिरज या गावांतल्या नव्या व्यापारी संकुलांचे वरचे मजले पाहिले, तर अलीकडे एक पाटी तिथे स्थिरावलेली दिसते : ‘किड्स प्ले अँड गेमिंग झोन’, किंवा नुसतेच ‘फन झोन’. आतली मांडणी बहुधा ठरलेली. एका बाजूला जाळीच्या आत फोमने मढवलेला दुमजली सांगाडा, त्यात घसरगुंड्या, बोगदे, ट्रॅम्पोलिन आणि प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद. दुसऱ्या बाजूला ओळीने उभी यंत्रे : बास्केटबॉल, मोटारसायकल, बंदुकीचा खेळ आणि काचेच्या पेटीत खेळण्यांवर लोंबणारा पंजा. मध्ये पालकांसाठी खुर्च्या, कोपऱ्यात पिझ्झा-सँडविचचा काउंटर आणि वाढदिवसासाठी खोली. धंद्यात या प्रकाराला ‘फॅमिली एंटरटेनमेंट सेंटर’ म्हणतात.

नाटक, तमाशा, सर्कस, तंबूतला सिनेमा यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या नव्या जागेकडे मात्र आपण एक तर धंदा म्हणून पाहतो किंवा चंगळ म्हणून, आणि दोन्ही वेळा तिच्यातला खेळ वाचायचा राहून जातो. नाटकाची संहिता वाचावी तशी ही जागा वाचता येते. कोणता खेळ कुठे ठेवला आहे, एका खेळातून दुसऱ्यात मूल कसे जाते, पैसे कशाचे मोजले जातात आणि खेळ कुणाच्या शब्दाने थांबतो, या चार गोष्टी म्हणजे तिची संहिता. त्यांतला चौथा प्रश्न मला निर्णायक वाटतो. प्रस्तुत लेख त्याच्याभोवती आहे.

या भागाला सार्वजनिक करमणूक नवी नाही. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि त्यांच्यामागून म्हैसाळच्या देवलांची सर्कस नावारूपाला आली. पण नाटकात आणि सर्कशीत गावाचा माणूस प्रेक्षक असतो. तो स्वतः खेळायचा, पैसे देऊन खेळायचा, ती जागा म्हणजे जत्रा. माण तालुक्यात म्हसवडला आणि आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा, पुसेगावला सेवागिरी महाराजांची, कराडजवळ पालीला खंडोबाची. देवळापासून थोड्या अंतरावर आकाशपाळणा, घोड्यांची चक्री, मौत का कुआँ, बंदुकीने फुगे फोडायचा गाळा, रिंग टाकून साबणाची वडी नाहीतर कपबशी जिंकायचा गाळा, आणि संध्याकाळी कुस्त्यांचा फड. निरनिराळ्या जातीचे खेळ एका आवारात आणून कुटुंबाला दिवसभर गुंतवायचे, हे गणित आपल्या जत्रांनी फार पूर्वी सोडवले होते. तेव्हा गेमझोनमध्ये खेळांची जोडणी झाली, यात नवे काही नाही. जोडणीची रीत नवी आहे.

ती समजून घेण्यासाठी फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याची मदत होते. डच इतिहासकार योहान हायझिंगा याने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात संस्कृतीच्या मुळाशी खेळ आहे असे मांडले. कायवाने १९५८ मध्ये पुढचे पाऊल टाकून खेळांचे चार प्रकार पाडले. मराठीत त्यांना स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ म्हणता येईल. कुस्ती ही स्पर्धा, सोडत हे नशीब, भातुकली हे सोंग आणि गरगर फिरून खाली पडणे ही भोवळ. यांतल्या काही जोड्या एकमेकींशी मुळातूनच जुळतात, असे तो म्हणतो : सोंगाची भोवळीशी आणि स्पर्धेची नशिबाशी. पहिल्या जोडीत माणूस स्वतःला विसरतो, दुसरीत स्वतःला मोजतो. आदिम समाजांवर पहिल्या जोडीचे राज्य होते आणि हिशेब ठेवणाऱ्या समाजांनी दुसरी स्वीकारली, असा त्याचा मोठा दावा आहे. त्या दाव्याविषयी शंका घेता येतात. पण गेमझोनचा आराखडा समोर ठेवला की ही विभागणी जमिनीवर रंगाने आखल्यासारखी दिसते. जाळीच्या आत सोंग आणि भोवळ : बोगदा म्हणजे गुहा, हौद म्हणजे समुद्र, उड्या मारून डोके गरगरणे. जाळीच्या बाहेर स्पर्धा आणि नशीब : गुण, तिकिटे, पंजा.

या दोन बाजूंचे जन्मही वेगवेगळे आहेत. जाळीच्या आतल्या खेळाचा जनक म्हणून एरिक मॅकमिलन याचे नाव घेतले जाते. टोरांटोच्या ‘ओंटारिओ प्लेस’ या सार्वजनिक उद्यानात १९७२ मध्ये त्याने ‘चिल्ड्रन्स व्हिलेज’ रचले, आणि त्याच दशकात त्याच्या कल्पनेतून चेंडूंचा हौद आला. मुलाने आपल्या अंगाने जागा शोधावी, हा त्यामागचा विचार. दुसरी बाजू नोलन बुशनेलची. हा ‘अटारी’ या व्हिडिओ गेम कंपनीचा संस्थापक. त्याची यंत्रे बारमध्ये आणि बोलिंगच्या अड्ड्यांवर उभी असत, आणि तिथे मुलांना प्रवेश नसे. म्हणून १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहरात त्याने पिझ्झाचे दुकान काढले. पिझ्झा भाजून होईपर्यंत मुलांनी टोकन घालून यंत्रे खेळावीत, हा हिशेब. पुढे दोन्ही बाजू एकत्र आल्या, त्यामागे पैशाचे कारण होते. केवळ सॉफ्ट प्लेवर उभी राहिलेली ‘डिस्कव्हरी झोन’ ही अमेरिकी साखळी १९८९ मध्ये सुरू होऊन झपाट्याने वाढली आणि १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. बुशनेलच्या पिझ्झागृहांवरही १९८४ मध्ये तीच पाळी आली होती. एकेकट्या खेळावर घर चालवणे अवघड, हा धडा धंद्याने त्यातून घेतला.

सातारा-सांगलीच्या आकाराच्या गावात ही अडचण आणखी मोठी. येणारे कुटुंब एकच, पण त्यात चार वर्षांचा धाकटा आणि बारा वर्षांची ताई असते. ताईला फोमच्या बोगद्यात रस उरलेला नसतो, धाकट्याचा हात यंत्राच्या चाकापर्यंत पोचत नाही. मोठ्या शहरात दोघांसाठी दोन जागा चालू शकतात. इथे सोमवार ते शुक्रवार अर्धी जागा रिकामी असते आणि भाडे वाढदिवसांवर निघते. म्हणून जोडणी ही इथली गरज आहे आणि तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो दोन खेळांच्या मधल्या दाराचा.

हे दार नीट पाहू. जाळीच्या आतला खेळ तासावर विकला जातो. मनगटाला कागदी पट्टा, त्यावर वेळ लिहिलेली. एकदा पैसे दिले की मूल घसरगुंडीवरून दहा वेळा घसरले काय आणि शंभर वेळा घसरले काय, दर तोच. त्या तासापुरते मूल हिशेबाच्या बाहेर असते. यंत्राचा खेळ डावावर विकला जातो. कार्ड टेकवायचे, डाव सुरू. डाव दीड-दोन मिनिटांचा. संपला की पडद्यावर आकडे उलटे मोजू लागतात, जणू आता कार्ड टेकवले नाही तर काहीतरी निसटेल. मी पाहिलेल्या बहुतेक जागांत तास संपल्यावर मुलाला बाहेर पडायची वाट या यंत्रांच्या रांगेतूनच काढलेली होती. दमलेले, घामेजलेले, अजून खेळाच्या नादात असलेले मूल हिशेबाच्या हातात सोपवले जाते. कायवाने ज्या स्थित्यंतराला समाजांचा इतिहास म्हटले, ते इथे चपला शोधता शोधता उरकते.

आता मूळ प्रश्नाकडे. जत्रेत खेळ कोण थांबवत असे? पाळणेवाला. तो माणूस होता. मूल रडायला लागले तर तो पाळणा लवकर थांबवी, गर्दी नसेल तर दोन फेऱ्या जास्त देई, आणि त्याच्याशी भांडता येई. कुस्तीच्या फडात पंच थांबवत. फडाची सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. मातीतून उठलेल्या पोराच्या हातावर पंच साऱ्या गावादेखत रेवड्या ठेवतात, जिंकलेल्याच्या आणि बऱ्याचदा हरलेल्याच्याही. बक्षीस क्षुल्लक असते, पण देणारा हात दिसतो. आमराईत किंवा सातारच्या गोलबागेत खेळणाऱ्या मुलाचा खेळ अंधार थांबवतो, नाहीतर आईची हाक. जाळीच्या आत घड्याळ थांबवते. घड्याळ कठोर असले तरी निःपक्षपाती आहे, शिवाय मूल त्याआधी दमून आपण होऊन बाहेर येऊ शकते. यंत्रापाशी खेळ थांबतो तो कार्डावरची शिल्लक संपल्यावर. ती भरता येते, म्हणजे खरे तर तिथे खेळ थांबतच नाही. थांबवायचे काम बापावर येते आणि तो मुलाच्या नजरेत खेळ मोडणारा ठरतो. जत्रेत पाळणेवाल्यावर निघणारा राग इथे घरात येतो.

यंत्रातून पडणाऱ्या तिकिटांची गोष्ट यालाच जोडून येते. शे-दोनशे तिकिटे साठवून पेन्सिल किंवा चॉकलेट मिळते. बक्षीस रेवडीइतकेच लहान, पण रेवडी कशासाठी मिळाली हे पोराला ठाऊक असते. पंज्याच्या पेटीत तसे नाही. पंज्याची पकड किती घट्ट असावी हे चालकाला आतून ठरवता येते, त्यामुळे मुलाला जे कौशल्य वाटते त्यातला काही भाग नशीब असतो, आणि ते नशीबही नेमून दिलेले. कायद्याला हा भेद जुना माहीत आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. पुढे १९९५ मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमच्या पार्लरांना परवान्याची अट घालता येते, असा निर्वाळा दिला. जत्रेतही फसवणूक होतीच. बंदुकीची नळी वाकडी असे, रिंग वस्तूच्या ठोकळ्याहून जेमतेम मोठी असे. पण वाकडी नळी दोन-चार नेमांनंतर पोरांना उमगत असे, आणि ती उमगणे हाही खेळ होता. पेटीच्या आतली पकड उमगायला वाव नाही.

जत्रेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. वाई तालुक्यातल्या मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत अडीचशेहून अधिक माणसे गेली. उघड्यावरची गर्दी सुरक्षित असते, असे या जिल्ह्याला कुणी सांगू नये. त्याचप्रमाणे बंद छताखालची गर्दी सुरक्षित असते, असेही २५ मे २०२४ नंतर म्हणता येत नाही. त्या दिवशी राजकोटच्या टीआरपी गेमझोनला लागलेल्या आगीत २७ जणांचे प्राण गेले, त्यांत मुलेही होती. अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला त्या जागेला नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. फोम, रेक्झिन, प्लास्टिकचे चेंडू या पेट घेणाऱ्या वस्तू आणि यंत्रांची वायरिंग एका छताखाली येते, तेव्हा दोन खेळांबरोबर दोन धोकेही जोडले जातात. आपल्याकडे २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. वाढदिवसाचे आमंत्रण आले की ते कुठे लावले आहे, हे विचारायला संकोच वाटू नये. खेळ थांबवायचा अधिकार आगीच्या हाती जाऊ न देणे, ही चालकाची पहिली जबाबदारी.

या जागांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. सातारच्या पावसात मैदाने महिनोन्महिने चिखलात असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले होते. वाहनांनी भरलेल्या गल्लीत मुलांना सोडायचे धाडस आज कुणी करत नाही. ज्या मुलींना मैदानावर दहाव्या वर्षानंतर जागा मिळत नाही, त्या ट्रॅम्पोलिनवर मोकळेपणाने उड्या मारताना मी पाहिल्या आहेत. खुर्चीत बसलेली आजी नातवाकडे तासभर निश्चिंतपणे पाहू शकते. ही सोय खरी आहे. जत्रेशी तुलना करता तिच्यात एकच उणे दिसते : जत्रेत खिशात दमडी नसलेले पोरही पाळण्याखाली उभे राहून वर पाहू शकत होते. इथे पाहणेही दाराच्या आत आहे.

तर मग जोडणी चांगली की वाईट, हे ओळखायची खूण कोणती? यंत्रे किती किंवा हौद केवढा, ही ती नव्हे. मिरजेकडच्या एका जागेत तासाच्या तिकिटातच यंत्राचे पाच डाव धरलेले होते. कार्ड भरायची सोय मुलांच्या बाजूला नव्हती आणि यंत्रे आतल्या भिंतीला होती, बाहेरच्या वाटेवर नव्हती. मुले पाच डाव संपवून पुन्हा जाळीत पळत होती. तास संपल्याचे सांगायला एक मावशी होत्या. त्या प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत, आणि बोगद्यात दडलेल्याला दोन मिनिटे जास्त देत. तिथे पाळणेवाला परत आला होता. सॉफ्ट प्ले आणि यंत्रे यांची सांगड घालणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. यंत्रांना मोजके डाव द्यावेत, अंगाच्या खेळाला शेवटचा शब्द द्यावा, आणि खेळ थांबवायला एक माणूस ठेवावा, ज्याच्याशी मुलाला भांडता येईल.