मस्करी कुणाची?

दोस्तहो, जातीवरून बोलून झालं की वर म्हणतात, 'अरे, मस्करी केली, मनावर काय घेतोस!' मग हा शब्दच एकदा झाडून बघू.

मस्करी आली अरबी 'मस्खरा'वरून, फारसीच्या वाटेनं. मस्खरा म्हंजे ज्याला लोक हसतात तो. मूळ अक्षरं तीन : स, ख, र. ह्याच मुळातून अरबीत 'सुख्रा' निघतो. अर्थ? बिनमजुरीची सक्तीची राबणूक. वेठ! हसणं आन् राबवणं, एकाच मुळाची पोरं.

पंडितांना ही शब्दांची गंमत वाटेल. आपल्या बापजाद्यांनी ती वतनात भोगली. राबवून घ्यायचं आन् वर टिंगल. १९२८ साली बाबासाहेबांनी वतन कायदा दुरुस्तीचं बिल मुंबई कौन्सिलात आणलं. हलकी म्हटलेली गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. टिंगल अजून चालूच.

तमाशातल्या सोंगाड्यानं मात्र ही मस्करी उलटी फिरवली. राजा, पाटील, सावकार, भर बोर्डावर कुणाला सोडलं नाही. समीक्षकांनी त्याला ग्राम्य ठरवलं. ठरवू द्या.

आता आपलं बघू. आपल्याही एकांकिकांत बाईवर, शेजारच्या वस्तीतल्या जातीवर हशा पिकवतात. लिहिणाऱ्यांनो, ती वेठच आहे. ती पानं आधी फाडा.