सरोवरावरील 'आम्ही'

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल उकाईस गेली होती. तापीवरील हे धरण १९७२ मध्ये पुरे झाले. सुरतेपासून ते सुमारे शंभर किलोमीटर, आणि त्याचा जलाशय पूर्वेकडे पसरत थेट महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात शिरतो. काठावर उभे राहून मुलांनी एक होडी पाहिली. तीत एक जोडपे होते. पुरुष जाळे ओढीत होता आणि बाई वल्ही मारून होडी वाऱ्यात स्थिर राखीत होती. परतल्यावर नववीच्या वर्गाने निबंध लिहिले. चाळीस वह्यांपैकी बहुतेकींत 'एक कोळी मासे धरीत होता' अशा अर्थाचे वाक्य निघाले. बाई कोठेच नव्हती. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. जी प्रवासवर्णने आम्ही त्यांच्या हाती देतो, त्यांचेच हे वळण आहे.

त्या वह्या तपासताना आम्हांस सॅम्युअल बेकर यांच्या 'दि अल्बर्ट न्यान्झा' या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाची आठवण झाली. पतिपत्नींनी मिळून एका अफाट सरोवरावरून केलेल्या अनेक दिवसांच्या जलप्रवासाचे इतके विख्यात वर्णन दुसरे क्वचितच असेल. नाईलचा उगम शोधीत बेकर आणि फ्लॉरेन्स १४ मार्च १८६४ रोजी आफ्रिकेतील त्या सरोवराच्या काठी पोहोचले. तेथील लोक त्यास लुता न्झिगे म्हणत. बेकर यांनी राणीच्या दिवंगत पतीचे नाव त्यास दिले. आज त्याचे पाणी युगांडा आणि काँगो या दोन देशांत वाटलेले आहे. विस्तार सुमारे ५,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या उकाईच्या जलाशयाच्या आठनऊपट.

त्या पाण्यावरून उत्तरेस मागुंगोपर्यंत जाण्यास त्यांना तेरा दिवस लागले. वाहन काय, तर झाडाच्या खोडातून कोरलेल्या दोन डोण्या. त्यांपैकी एकीवर कामट्यांची कमान करून, गवताने शाकारून, वर कातडी घालून दोघांसाठी छप्पर केले होते. वल्हेकरी पहिल्याच मुक्कामी पळून गेले. तेव्हा बेकर यांनी वल्ह्याचे सुकाणू केले आणि अंगावर घ्यावयाच्या स्कॉटिश पट्ट्यापट्ट्यांच्या लोकरी शालीचे शीड उभारले. दुपार झाली की वादळ उठावयाचे, म्हणून मजल सकाळी मारावयाची. पुढे नदीत शिरल्यावर एका पाणघोड्याने डोणी खालून उचलली. या प्रकरणांतील गद्य अत्यंत सरस आहे. वारा, पाऊस, ताप, चिखल या सर्वांना त्यात वजन आहे आणि अलंकार जवळजवळ नाहीत. आमच्याकडील कित्येक प्रवासलेखक सरोवर दिसताच उपमांची पेटी उघडून बसतात. त्यांनी हे गद्य अवश्य अभ्यासावे.

परंतु वाचताना एक गोष्ट बोचू लागते. या तेरा दिवसांत फ्लॉरेन्स त्याच डोणीत, त्याच छपराखाली आहे, आणि तरीही तिच्याविषयीची वाक्ये अगदी थोडी आहेत. याच्या उलट सरोवराकडे येताना काफू नदी ओलांडीत असता ती उन्हाच्या तडाख्याने कोसळली, त्या प्रसंगास लेखकाने पाने दिली आहेत. ती कित्येक दिवस शुद्धीवर नव्हती. सोबतच्या माणसांनी तिची कबर खणण्यासाठी कुदळीला नवा दांडाही बसविला होता. हा भाग वाचून ज्याचा कंठ दाटणार नाही असा वाचक विरळा. तथापि त्याचा अर्थ असाही होतो की पत्नी बेशुद्ध असता तिला ग्रंथात सर्वाधिक जागा मिळते, आणि जागी होऊन ती होडीत बसली की 'आम्ही'चा 'मी' होतो.

हा केवळ पुरुषी अहंकार म्हणून सोडून द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. फ्लॉरेन्स मूळची ट्रान्सिल्व्हानियाची. १८५९ मध्ये विदिन येथील गुलामांच्या बाजारात बेकर यांना ती प्रथम दिसली, असे चरित्रकार सांगतात. इंग्लंडात त्यांचा विधिवत् विवाह झाला तो ४ नोव्हेंबर १८६५ रोजी, म्हणजे सरोवरप्रवासानंतर दीड वर्षाने. ग्रंथात मात्र ती आरंभापासून 'माझी पत्नी' आहे. बेकर यांना १८६६ मध्ये सर ही पदवी मिळाली, पण राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सला दरबारी भेट दिली नाही. अशा समाजापुढे पुस्तक ठेवताना तिच्याविषयी जितके अधिक लिहावे तितके प्रश्न अधिक. तेव्हा लेखकाचे मौन ही एक प्रकारे तिच्यावर धरलेली छत्रीच होती. कलादृष्ट्या ते मौन उणेच राहते, पण त्याची निंदा करण्यास आमची लेखणी धजत नाही.

तिने स्वतः लिहिले नाही असे नाही. १८७० ते १८७३ च्या दुसऱ्या मोहिमेतील तिची रोजनिशी १९७२ साली 'मॉर्निंग स्टार' या नावाने छापली गेली. सरोवरावरील तेरा दिवस तेवढे आपल्यापुढे एकाच हाताने लिहिलेले आहेत.

येथे मराठी वाचकाचे मन साहजिकच रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या पुस्तकाकडे वळते. त्याचे नावच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असे आहे. तेथे लेखणी पत्नीच्या हाती आहे आणि पतीचा उल्लेख ती 'स्वतः' या शब्दाने करते. बेकर यांचा 'मी' पत्नीला झाकतो. रमाबाईंचा 'स्वतः' दुसऱ्याच माणसाचा निघतो! व्याकरणाच्या तासाला मुले या शब्दावर हसतात. पण न्यायमूर्तींच्या फिरतीची वर्णने वाचताना त्या 'स्वतः'च्या शेजारी लिहिणारी बाई सतत उभी दिसते. तिची भीती, तिचा अभ्यास, तिचे रुसणे आपणांस कळते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त तर ती पतीची थट्टाही करते. बेकर यांच्याकडे वादळ आहे, शीड आहे, सरोवर आहे. या दोघींकडे दुसरा माणूस आहे.

आमची सूचना एवढीच की बेकर यांची तेरा दिवसांची मजल कोणी मराठीत आणलीच, तर शीड, सुकाणू, वल्हे, डोणी हे कोकणच्या नाखव्याच्या तोंडचे शब्द बिनदिक्कत वापरावेत, आणि कुदळीच्या दांड्याचा प्रसंग गाळू नये. आठवी-नववीच्या वाचनासाठी तो उतारा निवडला, तर त्याच धड्याला जोडून रमाबाईंच्या फिरतीचे एखादे पान छापावे. आमच्या नववीच्या वर्गापुढे पुढील महिन्यात आम्ही ही दोन्ही पाने ठेवणार आहोत, आणि उकाईचा निबंध त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेणार आहोत.