माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके: शब्द आणि चित्र

मराठी बालसाहित्याच्या समीक्षेत चित्राला बहुधा सजावटीचेच स्थान मिळते. कथानक, भाषा, संस्कारमूल्य यांची चर्चा झाली की 'चित्रे आकर्षक आहेत' या वाक्याने परीक्षण संपते. पुण्याच्या माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांपुढे ही पद्धत अपुरी पडते.

येथे लेखन आणि रेखाटन एकाच हातचे असल्याने काय सांगावयाचे व काय दाखवावयाचे, ही वाटणी निर्मितीच्या वेळीच होते. 'राधाचं घर'मध्ये राधा आपल्या घरच्या माणसांविषयी थोडक्यात बोलते. तिच्या शब्दांना तेवढ्यावर थांबता येते. उरलेले चित्र सांगते. 'चित्रवाचन'मध्ये तर पानभर चित्रे पाहून गोष्ट मुलानेच रचावयाची आहे. तेथे लेखिका अनुपस्थित आहे असे मात्र नव्हे. चित्रात कोण, कोठे, काय करीत आहे हे ठरविणे म्हणजे प्रसंगरचनाच होय.

२०१४ मध्ये पुरंदरे यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार समग्र योगदानासाठी मिळाला. २०१६ च्या बिग लिटल बुक पुरस्कारात त्या लेखक विभागातील मानकरी होत्या. चित्रकार विभागात अतनु रॉय. विभाग सोयीचे असतीलही, परंतु या पुस्तकांतील लेखिका आणि चित्रकर्ती यांच्यातील सीमारेषा कोठे आखावयाची?

त्यांच्या चित्रांतील घर बहुतांशी शहरी मध्यमवर्गीय आहे, हा आक्षेप रास्तच. मात्र तोही चित्रे वाचूनच तपासावा लागेल. वर्गात वाटलेल्या काळ्यापांढऱ्या छायाप्रतीवरून ते साधणार नाही.