वचन आणि पूर्ति: ‘ख्रिस्तपुराणा’च्या निमित्तानें

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चें कौतुक आपल्याकडे बहुधा भाषेसाठीं होतें. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें मराठीची केलेली स्तुति पुष्कळांस ठाऊक असते; परंतु १६१६ सालीं छापलेला, सुमारें अकरा हजार ओंव्यांचा हा ग्रंथ त्यानें दोन पुराणांत कां विभागला, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. येशूची कथा सांगावयाची, तर ९५ अध्यायांपैकीं पहिले ३६ त्याच्या जन्मापूर्वींच्या वृत्तान्तास कां द्यावे? याचें उत्तर ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यांत आहे. त्या श्रद्धेप्रमाणें येशू हा अकस्मात् आलेला सत्पुरुष नव्हे. यहुदी संदेष्ट्यांनीं ज्याची वाट पाहावयास शिकविलें तो मसीहा, म्हणजे ईश्वराचा अभिषिक्त, तो आहे. वचनच ठाऊक नसेल, तर पूर्ति ओळखावी कशी?

परंतु पूर्ति म्हणजे तरी काय? सामान्य समजूत अशी कीं, हा ज्योतिषासारखा ताळा आहे: अमुक भाकीत, अमुक घटना, दोन्ही जुळलीं. मत्तयाचें शुभवर्तमान बारकाईनें वाचल्यास ही समजूत टिकत नाहीं. हेरोदाच्या भयानें बालक येशूस मिसर देशीं नेतात, तेथें मत्तयास होशेयाच्या एका वचनाची पूर्ति दिसते. मूळांत होशेय तेथें भविष्य सांगतच नाहीं. इस्राएल लोक पूर्वीं मिसरच्या दास्यांतून सुटले, त्याची तो आठवण काढतो. यशयाचें इम्मानुएलविषयींचें वचनही असेंच. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांत, दोन शत्रुराजांच्या चालीनें भ्यालेल्या आहाज राजास दिलेली ती खूण होती. हिब्रूंतील मूळ शब्द तरुण स्त्रीचा वाचक. ग्रीक भाषांतरांत तेथें कुमारिकेचा वाचक शब्द आला, आणि मत्तयानें तोच घेतला.

टीकाकार यास लबाडी म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. मत्तयाच्या दृष्टीनें घटना आधीं घडली आहे, आणि तिच्या उजेडांत तो जुनीं पानें पुन्हा वाचीत आहे. घरांतील कर्ता पुरुष गेल्यावर त्याचीं जुनीं पत्रें काढावीं, आणि पूर्वीं साध्या वाटलेल्या ओळींत आतां निराळाच अर्थ दिसावा, तसें हें वाचन आहे. तो अर्थ खोटा नसतो. पण तो पत्राच्या तारखेस उपलब्ध नव्हता, हेंही तितकेंच खरें.

यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायांतील दुःखभोगी सेवकाचें उदाहरण या दृष्टीनें फार मोलाचें आहे. बहुतेकांची अपेक्षा विजयी मसीहाची होती. शिष्यांपुढें उरला तो क्रूसावर मेलेला गुरु. त्या अध्यायानें त्यांच्या दुःखाला अर्थ दिला. १९४७ सालीं मृत समुद्राजवळील गुहेंत सांपडलेली यशयाची गुंडाळी येशूच्या जन्मापूर्वींची असून, तींत हा अध्याय बहुतांशीं आजच्यासारखाच आहे. तेव्हां ख्रिस्त्यांनीं तो मागाहून घुसडला, असें म्हणतां येत नाहीं. मात्र तो सेवक कोण, हें गुंडाळी सांगत नाहीं. रशीसारखा थोर यहुदी भाष्यकार त्यांत छळ सोसणाऱ्या इस्राएलासच पाहतो.

हा भेद केवळ पंडितांचा नाहीं. १२६३ सालीं बार्सिलोना येथें राजासमोर नहमानिदीस या यहुदी पंडितास, मसीहा येऊन गेला कीं नाहीं, या वादासाठीं उभें केलें होतें. त्याचा मुद्दा सरळ होता: मसीहाच्या काळीं शस्त्रें मोडून शेतीचीं अवजारें होतील असें संदेष्टे सांगतात, मग येशूपासून आजवर जग हिंसेनें भरलेलें कां? पुढें त्याला देश सोडावा लागला. ख्रिस्ती श्रद्धा या प्रश्नास पुनरागमनाचें उत्तर देते: पूर्तीस आरंभ झाला आहे, शेवट व्हावयाचा आहे. उत्तर प्रामाणिक आहे. परंतु तें देणाऱ्यानें आपणही वाट पाहणारेच आहों, हें कबूल केलें पाहिजे. वाट पाहणाऱ्यानेंच दुसऱ्या वाट पाहणाऱ्यास आंधळा ठरवून छळावें, हा त्या वचनाचाच अवमान होय.

स्टीफन्सचें यश आणि मर्यादा दोन्ही येथेंच दिसतात. गोव्यांतील त्याच्या श्रोत्यांस इस्राएलची स्मृति नव्हती, आणि त्यांचीं स्वतःचीं पुराणें त्यांच्यापासून तुटलीं होतीं. म्हणून त्यानें आधीं परक्यांची प्रतीक्षा ओंवीच्या परिचित वळणानें त्यांना आपलीशी करून दिली, आणि मगच पूर्ति सांगितली. हें मोठें कविकर्म आहे. परंतु त्याचें पहिलें पुराण दुसऱ्याची पायरी म्हणूनच उभें राहतें. आहाजाची भीति आणि होशेयाची व्यथा यांना त्यांचा स्वतःचा काळ मिळत नाहीं. आजच्या वाचकानें तो काळ त्यांना परत द्यावा. त्यानें श्रद्धेचें कांहीं उणें होणार नाहीं. उलट, आपला विश्वास दुसऱ्याच्या ठेवीवर उभा आहे, ही जाणीव तिला अधिक नम्र करील.